तीन-नऊ-नऊ

मित्रांनो, मी एक जुनी मोर्स की आहे. शंभरीला आले, पण आजवर कोणी बोट ठेवल्याशिवाय एक अक्षरही बोललेले नाही. आज बोलते आहे, कारण ज्याने माझ्यावर बोट ठेवून बोलायचं त्याला अजून नीट बोलता येत नाही.

की म्हणजे कुलपाची किल्ली नव्हे. एक पितळी पट्टी, तिच्या टोकाला चेरीच्या लाकडाचा बोंडा, खाली स्प्रिंग आणि हे सगळं एका जड फळीवर स्क्रूने आवळलेलं. बोंडा चटकन दाबून सोडला की 'डिट', जरा दाबून धरला की 'डा'. एवढ्या दोन आवाजांत सगळी अक्षरं बसतात. माझी तार रेडिओला जोडलेली आहे, रेडिओची तार गच्चीवरच्या अँटेनाला. दुबईत, करामा भागातल्या या दुसऱ्या मजल्यावर मला दाबलं की तिकडे जपानात ऐकू जातं. शेजारच्या फ्लॅटमध्ये मात्र ऐकू जात नाही. शेजाऱ्यांशी बोलायची सोय माझ्यात नाही.

शाळेच्या पेपरात ज्या जुन्या वस्तू आत्मवृत्त सांगतात, त्या बहुतेक अडगळीत पडलेल्या असतात. मी पडलेली नाही. मला नियमाने पॉलिश लागतं. माझी हेळसांड कधीच कोणी केली नाही. हेळसांड झाली ती माझ्यावर बोट ठेवणाऱ्यांची, आणि ती अतिशय सभ्य माणसांनी केली. तेच सांगायचं आहे.

मला हिरोसे तोमेकिची या माणसाने घडवलं. जपानी लोक आपल्या 'राव'सारखं नावापुढे 'सान' लावतात, म्हणून मी त्यांना हिरोसे-सान म्हणते. कोबे बंदरातल्या घड्याळजीचा हा मुलगा. घरात स्वतःचा रेडिओ बांधून परक्या माणसांशी बोलायचं, ही हौस तेव्हा त्यांच्या देशात नुकती जन्मत होती. हौशी माणसं इतकी थोडी होती की सगळी मिळून एका खोलीत मावली असती. पोलीस त्यांना हेर समजत आणि आया त्यांना वाया गेलेले समजत. हिरोसे-साननी भंगारातल्या जहाजाची पितळी पट्टी आणली, मला कापलं, घासलं आणि घड्याळाची स्प्रिंग बसवली.

मग महायुद्ध आलं. जपान त्यात उतरला त्याच दिवशी सगळ्या हौशी लोकांनी यंत्रं बंद करावीत असा हुकूम निघाला. हिरोसे-साननी मला मेणकापडात गुंडाळून मिसोच्या पिंपात पुरलं. मिसो म्हणजे सोयाबीनचं खारवलेलं, आंबवलेलं वाटण. युद्ध संपल्यावरही बंदी लगेच उठली नाही. माझ्या पोटाशी एक हिरवट डाग आहे, तो त्या खाराचा. कुठल्याही पॉलिशने जात नाही.

बंदी उठली तेव्हा त्यांनी मला पिंपातून काढलं, धुतलं आणि बंदरातल्या पोरांना शिकवायला बसले. पुढे देशभर त्यांचे चेले झाले. मोठे इंजिनियर झालेले लोकही त्यांना 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी म्हणत. पण ते ज्याच्यासाठी प्रसिद्ध होते आणि ज्याच्यासाठी लोक त्यांना टाळत, ती गोष्ट म्हणजे त्यांचा रिपोर्ट.

रेडिओवर दोन माणसं भेटली की आधी एकमेकांना तीन आकड्यांचा रिपोर्ट देतात. पहिला आकडा, वाचता किती येतंय. त्यात पाच म्हणजे उत्तम. दुसरा, आवाज किती मोठा. तिसरा, सूर किती शुद्ध. या दोन्हींत नऊ म्हणजे उत्तम. सगळं उत्तम असेल तर पाच-नऊ-नऊ. आता गंमत बघा. समोरच्याचं काही म्हणजे काही कळत नसलं तरी सगळे पाच-नऊ-नऊच देतात. 'पाच-नऊ-नऊ, कृपया नाव पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही' असंही देतात. त्यांच्यात ही रीत आहे. कोणाचं मन कशाला दुखवा?

हिरोसे-सान खरा रिपोर्ट देत.

तेव्हा वसईचा हिलरी तुस्कानो मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. मिशी नुकती फुटलेली आणि हात भलताच वेगवान. ड्युटी संपल्यावर तो हौशी लोकांत येऊन गप्पा मारायचा. एका संध्याकाळी त्याला हिरोसे-सान भेटले. त्यांनी त्याला रिपोर्ट दिला, 'तीन-नऊ-नऊ. आवाज मोठा, सूर शुद्ध, हात वाचता येत नाही. उपाशी आहात का?'

हिलरीला राग आला. पण जहाजाच्या स्वयंपाक्याशी भांडण झाल्यामुळे तो दिवसभर खरोखरच जेवला नव्हता. पुढच्या खेपेला जहाज कोबेला लागलं तेव्हा तो पत्ता शोधत घरी आला आणि दोन वाट्या भात खाऊन गेला. हिरोसे-सानची मुलगी सेत्सुको वाढत होती. तीही रेडिओवाली. माझ्यावर हिलरीने बोट ठेवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता त्यांच्या शेवटच्या महिन्याबद्दल सांगते. हिरोसे-सान अठ्ठ्याहत्तरीचे झाले होते. एका संध्याकाळी 'डा' अर्ध्यात तुटला. बोट माझ्यावर होतं, पण बोटात कोणी नव्हतं. क्षणभरच. मग ते परत आले आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढचं अक्षर पाठवू लागले. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग रोज. कित्येकदा त्यांच्या निम्म्या शब्दांचा भुगा व्हायचा. समोर सगळे त्यांचे चेले, हुशार कानांचे. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सेन्सेईंना कमी आकडा कसा द्यायचा? सगळ्यांनी दिला पाच-नऊ-नऊ. जन्मभर इतरांना खरं सांगणाऱ्या त्या माणसाने तो खरा मानला.

मग एके सकाळी वाऱ्याने वाकलेला अँटेना सरळ करायला ते खांबावर चढले. वर पोचले तेव्हा हातांत कोणी नव्हतं.

सेत्सुकोने मला हिलरीला देऊन टाकलं. घरात मी दिसले की तिला खांब दिसायचा. त्या वर्षापासून जगभरचे रेडिओवाले हिरोसे-सानच्या आठवणीचा एक दिवस पाळतात, मेच्या तिसऱ्या शनिवारी. नियम एकच, त्या दिवशी रिपोर्ट खरा द्यायचा. पहिली काही वर्षं लोकांनी दिलाही. त्यावरून दोघातिघांचे अबोले झाले. मग आयोजकांनी रंगीत प्रमाणपत्र काढलं. जो त्या दिवशी जास्तीत जास्त माणसांना भेटेल त्याला ते मिळतं, त्यावर हिरोसे-सानचा फोटोही असतो. जास्तीत जास्त माणसं भेटायची तर विचार करत बसून कसं चालेल? आता बहुतेकांनी पाच-नऊ-नऊ एका बटणावर बसवून ठेवलं आहे. खऱ्या रिपोर्टच्या स्मृत्यर्थ ते बटण दिवसभर दाबलं जातं.

माझी पुढची वर्षं चांगली गेली. जहाजांना रेडिओ ऑफिसर नकोसे झाले, उपग्रह आले, तसा हिलरी गल्फमध्ये आला. डॉलीशी लग्न झालं, उशिरा करेन झाली. आता एकसष्टाव्या वर्षी तो अबू धाबीच्या पश्चिम टोकाला, रुवैसमध्ये, टेलिफोन आणि वायरलेसचं काम बघतो. शुक्रवारी घरी येतो, रविवारी दुपारी चार तास गाडी चालवत परत जातो. सोबत नागेश असतो, कणकवलीचा वेल्डर. शनिवारी मी असते. रेडिओचं लायसन्स भिंतीवर फ्रेममध्ये आहे, येशूच्या तसबिरीच्या खाली. डॉली म्हणते, दोघांच्या जागा बदलायला हिलरीची ना नसेल.

तीच डॉली एकदा वैतागून म्हणाली, "दिवसभर बायकामाणसांशी टकटक करतो. काय बोलतो ते तरी कळू दे मेलं." म्हणून करेनने लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. रेडिओतला मोर्स ऐकून तो अक्षरं लिहितो, हिलरीचा आणि समोरच्याचाही. मला तो लॅपटॉप पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याला बोट लागत नाही, पॉलिश लागत नाही, त्याच्यावर कसला डाग नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी 'डा' अर्ध्यात तुटला.

मी ओळखलं. तोच रितेपणा. बोट माझ्यावर, बोटात कोणी नाही. समोर इटलीचा एक जण होता, त्याने पाच-नऊ-नऊ दिला. पुढच्या शनिवारी चार वेळा तसं झालं. चार वेळा पाच-नऊ-नऊ. लॅपटॉपवर मात्र हिलरीची वाक्यं अशी उमटत होती की जणू मांजर की-बोर्डवरून चालत गेलं.

"डॅडा, इट्स नॉट रीडिंग यू," करेन जाता जाता म्हणाली.

"तुझ्या मशीनला कान नाहीत," हिलरी म्हणाला. "बघ, इटली काय म्हणतो. फाइव्ह नाइन नाइन. रोमवाल्याला कळतं आणि ह्या डब्याला नाही?"

रविवारी दुपारी तो गाडीची किल्ली घेऊन निघायचा. मी टेबलावर स्क्रूने आवळलेली. दार लागल्याचा आवाज आला की पुढचे चार तास मी खांबावरचा माणूस बघत असायचे. शुक्रवारी दार उघडायचं. मग पुन्हा रविवार.

मेचा तिसरा शनिवार आला. बाहेर आकाश धुळीने पिवळं, समोरची इमारत अर्धी पुसलेली. हिलरी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसला. हिरोसे-सानच्या दिवशी तो नेहमी तसाच बसतो. दुपारपर्यंत त्याने बरीच माणसं गाठली. सगळ्यांनी पाच-नऊ-नऊ दिला. माझ्या अंगावरून अक्षरांचे नुसते तुकडे जात होते.

तीन वाजता सेत्सुको रेडिओवर आली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण हात तसाच, वडिलांसारखा. एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. हिलरीने नाव सांगितलं, तब्येत विचारली, सेन्सेईंची आठवण काढली. म्हणजे काढायला गेला. मग तिकडून उत्तर आलं. लॅपटॉपने एकही चूक न करता लिहून घेतलं.

'हिलरी. तीन-नऊ-नऊ. आवाज मोठा, सूर शुद्ध, हात वाचता येत नाही. शेवटच्या महिन्यात वडिलांचा असाच होता. डॉक्टरकडे जा. आज. वर चढू नकोस.'

हिलरीने पेन्सिल उचलली आणि समोरच्या कागदावर सवयीने लिहिलं, पाच-नऊ-नऊ.

डॉली चहा घेऊन आली. "काय म्हणते तुझी जपानी आन्टी?"

"काय म्हणणार? फाइव्ह नाइन नाइन."

डॉलीने कप ठेवला. तिची नजर स्क्रीनवर गेली. घरात मोर्स फक्त हिलरीला येतो, पण इंग्लिश सगळ्यांना येतं.

"मग हे काय आहे?"

"मशीन काहीही लिहितं गं."

"मशीन स्वतःच्या मनाने 'फादर' लिहील? 'डॉक्टर' लिहील?"

"अगं, ऐंशीच्या वर आहे ती. कानाने कमी येत असेल. आणि सांगते काय, तर वर चढू नको! मी कुठे चढतोय? मी उद्या फक्त गाडी चालवणार आहे."

आपण काय बोललो ते हिलरीला कळलं नव्हतं. डॉलीला कळलं होतं. ती त्याच्या हाताकडे बघत होती, घरात परका शिरल्यासारखी.

"डॅडा," करेन दारातून म्हणाली, "सेंड युअर नेम. जस्ट युअर नेम."

"घ्या. बापाची परीक्षा."

त्याने माझ्यावर बोट ठेवलं. एच आला. आय आला. एल आला. मग माझ्यावरचं बोट जड झालं, बोंडा खाली बसला आणि बसूनच राहिला. रेडिओतून एकच लांब शिट्टी निघाली. तुटेना. ती तशीच गच्चीवर गेली, समुद्र ओलांडून कोबेला गेली. तिथे कानाला हेडफोन लावून सेत्सुको ती ऐकत होती. स्क्रीनवर 'हिल' एवढंच होतं. मला वर यायचं होतं, मित्रांनो. स्प्रिंग घड्याळाची होती, बोट माणसाचं होतं.

डॉलीने ते बोट माझ्यावरून उचललं.

हिलरीने डोळे मिचकावले आणि हसून म्हणाला, "काय? पाठवलं की पूर्ण नाव. बघा, आलं असेल."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नागेश होता. डॉलीने स्पीकर लावला.

"हिलरीभाय, उद्या दोन वाजता ना? मी खाली उभा ऱ्हवतंय."

"नागेश, मी बोलते. एक खरं सांग. हे गाडी कशी चालवतात?"

"एकदम मस्त, वहिनी! नंबर वन."

"नागेश. तुझ्या पोरांची शपथ घालू?"

"वहिनी... गेल्या खेपेक गाडी दोनदा सरकली. बाजूच्या ट्रेलरला घासणार होती. मीच स्टिअरिंग धरलं. भायना कायच म्हायत नाय. मी म्हटलं, वयस्कर माणूस, डोळा लागला असेल. कशाला बोला. आपल्याला फुकट नेतात..."

"गाडी सरकली? कधी?" हिलरीने विचारलं.

डॉलीने फोन ठेवला. "यल्ला, उठ."

"अगं, उद्या ड्युटी आहे. पुढच्या वीकेंडला जाऊ, इन्शाल्ला. डॉक्टर काय पळून..."

"खलास, हिलरी. आता एक शब्द नको. चपला घाल."

त्याने डाव्या पायातली चप्पल घातली. उजवी तो दोनदा चुकला. करेनने खाली बसून ती त्याच्या पायात सरकवली. दार लागलं. रेडिओ तसाच चालू राहिला आणि सेत्सुको हिलरीला हाक मारत राहिली. माझ्यावर बोट नव्हतं. हाका आधी दर काही मिनिटांनी आल्या, मग जरा उशिराने, मग बाहेरचा पिवळा उजेड गेला.

मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस जवळजवळ बंद झाली होती, असं डॉली नंतर फोनवर सगळ्यांना सांगत होती. महिनाभर ती नस इशारे देत होती. रविवारी दुपारी, रुवैसच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत तो आणि नागेश असायचे त्याच वेळी, मोठा झटका आला. आला तो हॉस्पिटलच्या पलंगावर, दोन नर्स आणि एका डॉक्टरच्या समोर. म्हणून नागेश आज जिवंत आहे आणि हिलरीही आहे. पण उजवा हात गेला आणि निम्मे शब्द गेले.

सेत्सुको दर शनिवारी तीन वाजता येत राहिली. करेन उत्तर टाइप करायची आणि लॅपटॉप त्याचा मोर्स करून पाठवायचा. माझी गरज लागली नाही. पहिल्या शनिवारी सेत्सुकोने विचारलं, कसा आहे? करेनने टाइप केलं, ठीक आहेत, छान सुधारणा आहे. तिकडून दोनच शब्द आले, 'खरा रिपोर्ट.' मग करेनने लिहिलं की उजवा हात हलत नाही, डॅडा माझं नाव विसरतो आणि मम्मा नळ सोडून किचनमध्ये रडते. त्या दिवसापासून मला त्या लॅपटॉपचा राग येत नाही.

हिलरी घरी आला. चर्चमधले लोक आले, रुवैसचे लोक आले, द्राक्षं आली. सगळे म्हणाले, "एकदम फिट दिसतोस, हिलरी! पुढच्या महिन्यात ड्युटीवर." प्रत्येक वाक्याला तो अर्ध्या तोंडाने 'हं' म्हणून मान डोलवायचा. ते गेल्यावर माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. मला हात लावायचा नाही.

गेल्या शनिवारी सेत्सुकोची हाक आली तेव्हा करेन घरात नव्हती. हिलरीने डावा हात उचलला आणि माझ्यावर ठेवला. त्या हाताला मी ओळखत नव्हते. अनोळखी, घामेजलेला. त्याने काहीतरी पाठवलं. काय पाठवलं ते माझ्या अंगावरून जाऊनही मला सांगता येणार नाही.

सेत्सुकोने उत्तर दिलं, 'एक-नऊ-नऊ. आवाज मोठा, सूर शुद्ध. अजिबात वाचता येत नाही. कोण आहात? उद्या पुन्हा या.'

हिलरी हसला. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा, आवाज करून हसला. डॉली किचनमधून धावत आली, तर तो स्क्रीनवरच्या त्या 'एक'कडे बोट दाखवत होता, बक्षीस मिळाल्यासारखं.

मित्रांनो, पितळेला पॉलिश करा, मी नको म्हणणार नाही. पण तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाचं अक्षर बदललं, चप्पल पायात जाईना, बोलता बोलता तो मध्येच कुठे जाऊन आला, तर त्याला पाच-नऊ-नऊ देऊ नका. त्याला राग येईल. येऊ द्या.

आता तो रोज तीन वाजता बसतो. सेत्सुको रोज आकडा सांगते. काल एकचा दोन झाला. आणि मी तो डावा हात रोज तपासते. अजून तरी त्या बोटात कोणीतरी आहे.